इंदूरमध्ये बेगल सँडविच, खाण्यासारखं कुठे मिळतं का?

पोहेजलेबी: काल छप्पन दुकान या खाऊगल्लीजवळच्या एका नव्या दुकानात गेलो, क्रीम चीज काकडीचं घेतलं, चीज भरपूर आणि ताजं होतं पण बेगल म्हणजे नुसता भोक पाडलेला बन, दाबला की बोट आत रुतत होतं. असंच असतं का?

सराफावाली: नाही हो दादा, बेगल आधी उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट उकळतात मग भाजतात, त्यानेच वरची साल चकचकीत आणि चिवट होते, आत घट्ट. उकळलं नाही तर पावच तो. पोलंडच्या ज्यू लोकांचा हा पदार्थ, क्राकोमध्ये १६१० ची नोंद आहे त्याची.

राजवाडाकर: मी तिथलंच पनीर टिक्कावालं खाल्लं. सारण इतकं कोंबलेलं की पहिल्याच घासाला मागून सगळं बाहेर, चटणी मनगटापर्यंत! चव मात्र छान होती, खोटं कशाला बोलू.

सराफावाली: पुढच्या वेळी आधी साधा तिळाचा मागा, नुसता खा. तो चांगला असेल तरच सँडविच घ्या.

पोहेजलेबी: ताई, रविवारी जातो, साधाच मागतो आणि इथे लिहितो.