मदत हवी आहे: जुन्या गाडीचे सिलेंडर हेड उलटे बसवण्याबाबत

जिंतूर_रोड:
नमस्कार. माझ्या जुन्या गाडीच्या सिलेंडरच्या माथ्यावरचे हेड मला १८० अंशांत फिरवून बसवायचे आहे, म्हणजे कार्बोरेटर पुढे येईल आणि एक्झॉस्ट मागच्या बाजूने निघेल. परभणीतील गॅरेजवाल्यांना विचारले, तर ते नुसते हसतात. हेड उतरवून ठेवले आहे आणि रविवारपूर्वी गाडी तयार करायची आहे. गॅस्केट कोणते घ्यावे आणि बेंड पाइप कसा वळवून घ्यावा, एवढेच सांगावे. असे कशाला करता, हे कृपया विचारू नये.

लेथ_लातूर:
गाडी कोणती, हे आपण लिहिलेलेच नाही. टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक, हे कळल्याशिवाय कोणीही काय सांगणार?

जावा_जालना:
माझ्या जावा २५० च्या अनुभवावरून सांगतो. टू-स्ट्रोकमध्ये हेड म्हणजे केवळ झाकण असते. पोर्ट, म्हणजे वायू आत-बाहेर जाण्याची भोके, सगळे ब्लॉकमध्ये (सिलेंडरमध्ये) असतात, त्यामुळे फिरवायचाच असेल तर ब्लॉक फिरवावा लागतो आणि त्याबरोबर पिस्टनही फिरवावा लागतो, कारण रिंगेचे तोंड पोर्टसमोर आले की ती त्यात अडकून तुटते. हेडला हात लावायची गरजच नाही.

जिंतूर_रोड:
माझी जावा नाही. बुलेट ३५० आहे, १९७१ चे मॉडेल, बीडाचा (ओतीव लोखंडाचा) ब्लॉक. जुनी गाडी म्हटल्यावर आमच्याकडे दुसरे काय समजतात?

लेथ_लातूर:
मग विषय इथेच संपतो. बुलेटचे पुशरॉड, म्हणजे कॅमची उचल हेडपर्यंत नेणाऱ्या दांड्या, उजव्या बाजूने ब्लॉकच्या आतून वर जातात. आपण हेड फिरवले की हेडमधील त्यांची वाट डावीकडे जाईल आणि पुशरॉड उजवीकडेच राहतील, मग व्हॉल्व्ह उघडणारे रॉकर उचलणार कोण? हेड आहे तसेच ठेवून फक्त पोर्टांची अदलाबदल करावी, असे कोणी सुचवले तर तेही ऐकू नये. इनटेकचा (मिश्रण आत घेणारा) व्हॉल्व्ह मोठा असतो आणि तो जळत्या वायूची धग सोसण्यासाठी घडवलेला नसतो. कॅमही बदलावे लागतील. शिवाय डिकॉम्प्रेसर, म्हणजे सिलेंडरमधला दाब सोडणारा खटका, एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उचलतो. त्या पोर्टवर कार्बोरेटर बसवून आपण तो खटका ओढलात, तर सिलेंडरमधली दाबलेली हवा पेट्रोलसकट कार्बोरेटरच्या तोंडातून बाहेर फेकली जाईल.

नवा_रायडर_नांदेड:
अशक्य काहीच नाही. यामाहाने २०१० च्या वायझेड४५०एफ या शर्यतीच्या गाडीमध्ये हेड उलटेच बसवले होते, हवा पुढून आणि एक्झॉस्ट मागून.

लेथ_लातूर:
त्या इंजिनाचा सिलेंडरही मागे झुकवलेला होता आणि कॅम हेडमध्येच, चेनवर फिरणारे होते. आराखडाच तसा काढलेला होता. पुशरॉडच्या इंजिनाला तो दाखला लागू पडत नाही.

काळी_माती_बीड:
शिवाय पुढच्या चाकाने उडवलेली धूळ थेट फिल्टरवर येईल. सोयाबीनची रास चालू असताना गेवराईच्या रस्त्याने जाऊन पाहावे, म्हणजे फिल्टर मागे का असतो हे कळेल.

पासिंग_धाराशिव:
एक वेगळा मुद्दा. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या गाडीला विंटेज नोंदणी मिळते, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती १० वर्षे चालते. मात्र गाडी मूळ रूपात असावी लागते. आपली गाडी वयात बसते, तेव्हा हेड उलटे करून ही संधी घालवू नये.

जिंतूर_रोड:
नोंदणीबद्दल मी विचारलेच नव्हते.

सेलूकर:
आपण विचारू नका म्हणालात, तरी विचारतो: कार्बोरेटर पुढे का हवा आहे?

जिंतूर_रोड:
उन्हाळ्यात पारा ४२ वर गेला की जिंतूरला पोहोचेपर्यंत गाडी बंद पडते आणि थंड होईपर्यंत किक मारून उपयोग होत नाही. कार्बोरेटर इतका तापतो की हात लाववत नाही. पुढे आला तर वारा लागेल, असा विचार आहे.

सेलूकर:
हे आधी लिहिले असते तर जावा, यामाहा आणि आरटीओ यांची फेरी वाचली असती. हेड होते तसेच बसवावे. गाडी तापून बंद पडली की पॉइंटचे, म्हणजे ठिणगीसाठी वीजप्रवाह तोडणाऱ्या संपर्काचे, झाकण काढून कोणाला तरी किक मारायला सांगावे. पॉइंटवरच ठळक ठिणग्या उडत असतील तर त्या ठिणग्या रोखणारा कंडेन्सर गेलेला आहे. थंड असताना तो काम करतो आणि गरम झाला की दगा देतो. दुसरे म्हणजे, कार्बोरेटर आणि हेड यांच्यामध्ये उष्णता अडवणारे जाड पॅकिंग असते. ते आहे का?

जिंतूर_रोड:
आत्ताच पाहिले. जाड असे काही नाही, साधा कागदी गॅस्केट आहे. वाटते, मागच्या मिस्त्रीने पॅकिंग बसवलेच नाही. तयार कुठे मिळेल?

लेथ_लातूर:
तयार मिळण्याची वाट पाहू नये. बेकलाइटच्या (उष्णता अडवणाऱ्या कडक प्लास्टिकच्या) पत्र्यातून लेथवर कापून घ्यावे. मधले भोक कार्बोरेटरच्या तोंडाएवढेच असावे, काठ आत आला तर हवेला अडथळा होतो. पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना कागदी गॅस्केट लावावा आणि नट थोडेथोडे करून समान आवळावेत, नाहीतर कार्बोरेटरची फ्लँज (हेडला टेकणारी चपटी कड) वाकते.

जावा_जालना:
तरीही टू-स्ट्रोक घेतली असती तर टॅपेट आणि पुशरॉड यांचा प्रश्नच आला नसता.

सेलूकर:
पॅकिंग बसले तरी कंडेन्सर तपासल्याशिवाय जिंतूरला निघू नये.