न्यूमोनियाच्या मुलाला मेंटेनन्स सलाईन (रोजची पाण्याची गरज भागवणारे): कोणते आणि किती?

प्रश्न (निवासी डॉक्टर, बालरोग):
तीन वर्षांचे, १४ किलो वजनाचे मूल न्यूमोनियाने दाखल आहे. श्वासाचा वेग फार असल्याने सध्या तोंडाने काही देता येत नाही. शॉक नाही, निर्जलीकरणही नाही. हॉलिडे-सेगर सूत्राने (वजनावरून रोजचा द्रव काढण्याची पद्धत) दिवसाला १२०० मिली येतात. वॉर्डात पाच टक्के डेक्स्ट्रोजसह ०.१८ टक्के सलाईन लावण्याची जुनी पद्धत आहे, तर काही वरिष्ठ म्हणतात की आयसोटोनिकच (साधारण रक्ताइतके सोडियम असलेले द्रव) लावा आणि तेही कमी लावा. रक्तातील सोडियम लिटरमागे १३३ मिलिमोल, म्हणजे थोडे कमी आले आहे. कोणाचे ऐकावे?

उत्तर १ (बालअतिदक्षता विभाग):
०.१८ टक्के सलाईन या मुलाला अजिबात लावू नका. १९५७ साली हॉलिडे-सेगर सूत्र मांडले गेले तेव्हा पाण्याची गरज ऊर्जेच्या खर्चावरून काढली होती आणि सोडियमसाठी दुधातील प्रमाणाचा आधार घेतला होता. आजारी मुलाचे शरीर पाणी धरून ठेवते, ही गोष्ट त्या हिशेबात नव्हती. न्यूमोनिया, ब्रॉन्किओलायटिस (बारीक श्वासनलिकांची सूज), मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज), शस्त्रक्रिया, वेदना, नुसती मळमळ, या सगळ्यांत सोडियम कमी असतानाही व्हॅसोप्रेसिन (शरीरात पाणी धरून ठेवणारे संप्रेरक) स्रवत राहते, मूत्रपिंड जादा पाणी बाहेर टाकत नाही, आणि लिटरमागे जेमतेम ३० मिलिमोल सोडियम असलेले सलाईन देत राहिल्यास रक्तातील सोडियम आणखी उतरते. मग मेंदूला सूज येते, आणि लहान मुलाच्या कवटीत त्या सुजेला जागा फार थोडी असते. उलटी आणि सुस्ती मूळ आजाराच्या खात्यावर टाकली जाते. सोडियम पाहिले जाते ते झटका आल्यावर. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१८ मध्ये २८ दिवस ते १८ वर्षे या वयोगटासाठी डेक्स्ट्रोज व पोटॅशियम घातलेले आयसोटोनिक द्रवच सुचवले आहे. लघवी नीट होत असल्याची खात्री करूनच पोटॅशियम घाला.

प्रमाणाबाबतही तुमच्या वरिष्ठांचे बरोबर आहे. व्हॅसोप्रेसिन वाढण्याची शक्यता असेल तेव्हा युरोपीय बालअतिदक्षता संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींनुसार सूत्राच्या ६५ ते ८० टक्केच द्रव द्यावा. सत्तर टक्के धरले तर ८४० मिली होतात, परंतु यात शिरेतून जाणारा प्रत्येक थेंब आला: अँटिबायोटिकचे डायल्यूशन, पॅरासिटामॉल, लाइन फ्लश (सलाईनची नळी धुण्याचा द्रव). ते सगळे २०० मिली भरले तर मेंटेनन्सला ६४० उरतात, म्हणजे तासाला सुमारे २७ मिली.

उत्तर २ (परिचारिका, बालअतिदक्षता):
औषधांसोबत जाणारा द्रव चार्टवर वेगळ्या रकान्यात लिहावा, नाहीतर तो बेरजेत येत नाही. नळीने दूध सुरू झाले की त्याच वेळी पंपाचा वेग कमी करण्याची लेखी ऑर्डर हवी, आणि वजन रोज त्याच काट्यावर घ्यावे.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद. आरएल (रिंगर लॅक्टेट) चालेल का?

उत्तर १:
आरएलमध्ये सोडियम १३० असते. १३३ सोडियमच्या मुलात मी ते टाळेन. १४० सोडियम असलेले बॅलन्स्ड (क्लोराइड कमी, रक्ताशी जुळणारे) द्रव मिळाले तर उत्तम, कारण ०.९ टक्के सलाईनमध्ये क्लोराइडही १५४ असल्याने ॲसिडोसिसकडे (रक्तातील आम्लता वाढण्याकडे) कल होतो. ते उपलब्ध नसेल तर पाच टक्के डेक्स्ट्रोजसह ०.९ टक्के सलाईन निःशंकपणे लावा. सोडियम, पोटॅशियम आणि साखर किमान रोज तपासा. तुमच्या रुग्णात पहिली फेरतपासणी मी काही तासांतच करेन. भाजलेली मुले, मोठ्या प्रमाणात पाण्यासारखे जुलाब, डायबेटिस इन्सिपिडस (लघवीवाटे पाणी अतिप्रमाणात जाण्याचा विकार), हृदय किंवा मूत्रपिंडाचे विकार यांचे गणित निराळे असते. तिथे हा हिशेब लावू नका.