कोयता चालवणारा सतरा वर्षांचा असेल तर शिक्षा किती?

मुळाकाठ
मागच्या दिवाळीच्या चार दिवस आधी माझ्या मावसभावावर कोयत्याने हल्ला झाला. रात्रपाळी करून घरी येत होता. खुन्नस दुसऱ्याच कुणाशी होती, अंधारात हा सापडला. डोक्यावर येणारा वार त्याने डाव्या हातावर झेलला. तीन ऑपरेशनं झाली, तरी दोन बोटं मिटत नाहीत. तो लेथवर काम करतो. करायचा.

मारणारे तिघे. एक बावीस वर्षांचा, दोघे सतरा वर्षांचे. बावीसवाला अजून आत आहे. ती दोन पोरं महिन्याभरात घरी आली. ज्याने वार केला, तो त्या दोघांतलाच.

मला वाटत होतं की २०१५ च्या बाल न्याय कायद्यानंतर सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर गंभीर गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चालतो. तसं नाही. ते फक्त 'निर्घृण' गुन्ह्यांना लागू आहे, म्हणजे ज्यांना किमान सात वर्षं शिक्षा आहे अशांना. खुनाच्या प्रयत्नाला, भारतीय न्याय संहितेचं कलम १०९, इजा झाली तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, पण किमान शिक्षा लिहिलेलीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल खटल्यात सांगितलं की असे गुन्हे निर्घृण धरता येणार नाहीत. २०२१ च्या दुरुस्तीने तेच कायद्यात आणलं.

म्हणजे भाऊ मेला असता तर त्या पोराला मोठ्यांच्या रांगेत उभं करता आलं असतं. भाऊ वाचला, म्हणून जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह, म्हणजे दोषी ठरलेल्या मुलांचं सुधारगृह. हत्याराने जिवावरचा वार केला असेल तर प्रकरण वरच्या कोर्टात जायची वाट उघडी असायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेठेतला
शंभर टक्के सहमत. आमच्या भागात गाड्यांच्या काचा फुटतात, तेव्हा पुढे कायम बारकी पोरं असतात. अठराच्या आत काय ते उरकून घ्या, असं उघड बोललं जातं. वयाचा दाखला हीच त्यांची ढाल आहे.

करवीरकर
मुळाकाठ, भावाच्या हाताचं वाचून वाईट वाटलं. कायदा तुम्ही बरोबर मांडलाय, मागणी मात्र मला पटत नाही. मी वकील आहे, अठराच्या आतल्यांची प्रकरणं चालतात त्या बाल न्याय मंडळापुढे दोन्ही बाजूंनी उभा राहिलोय.

एक तर जामीन म्हणजे सुटका नव्हे. बाल न्याय कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मुलाला जामीन हा नियम आहे आणि नकार हा अपवाद. चौकशी चालूच असते. दुसरं, डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर कायदा सुधारायला नेमलेल्या वर्मा समितीने वय खाली आणू नका असंच सांगितलं होतं. तरी संसदेने २०१५ मध्ये सोळा वर्षांपुढच्यांसाठी दार किलकिलं केलं, आणि किमान सात वर्षांची अट मुद्दाम ठेवली. ती काढलीत तर खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावलं की पोरगं मोठ्यांच्या रांगेत, असं होईल. हे कलम किती सढळ हाताने लावलं जातं, ते मी रोज पाहतो.

आता महत्त्वाचं. तो बावीस वर्षांचा मुलगा. त्याने या दोघांना पुढे केलं असेल, तर त्याच्यावर संहितेचं कलम ९५ लागलंय का? मुलाकडून गुन्हा करवून घेणाऱ्याला किमान तीन आणि कमाल दहा वर्षं. बाल न्याय कायद्यात कलम ८३ पण आहे: सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. पेठेतला म्हणतात ती ढाल कुणाच्या हातात आहे, ते बघा.

जुईली
मी चार वर्षं एका निरीक्षण गृहात, म्हणजे चौकशी चालू असलेल्या मुलांना ठेवतात तिथे, आठवड्यातून दोनदा शिकवायला जायचे. कोयत्यातलीच मुलं जास्त. बहुतेकांची शाळा आठवी-नववीत सुटलेली, आणि 'भाई'ने आधी वडापाव, मग मोबाईल, मग हत्यार दिलेलं. मोठ्या तुरुंगात यांना टोळीच मिळेल.

पण मला राग वेगळ्याचा आहे. चौकशी चार महिन्यांत संपावी असं कायदा म्हणतो. माझ्यासमोर सतराचा आलेला मुलगा निकालापर्यंत एकोणीसचा झाला. मधल्या काळात ना समुपदेशन, ना कुठला धंदा हाताला, प्रोबेशन ऑफिसर एकदाच घरी गेलेले. तीन वर्षं कमी आहेत की नाहीत, हे कळायला ती आधी वापरावी तरी लागतील.

पेठेतला
ताई, तुमची कळकळ खरी आहे. पण हात गेलेल्याने तोवर काय करायचं?

नगररोड
१९ मे २०२४ विसरू नका. पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या पोराच्या पोर्शेखाली दोन इंजिनीअर गेले आणि काही तासांत त्याला तीनशे शब्दांच्या निबंधावर जामीन मिळाला. जुलै २०२५ मध्ये त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवायची पोलिसांची मागणी मंडळाने फेटाळली, तीही याच किमान सात वर्षांच्या कारणाने. मुळाकाठ यांचं बरोबर आहे, फट आहे.

करवीरकर
त्या जामिनाने मलाही चीड आली होती. पण कायदा कडक केल्यावर नामांकित वकील लावणारं घर त्यातून वाट काढील. मागे उरेल तो झोपडपट्टीतला पोरगा, ज्याच्या आईला तारीखही कळत नाही.

मुळाकाठ
माझा भाऊपण दोन खोल्यांच्याच घरात राहतो. त्याच्या आईलाही तारीख कळत नव्हती, मी विचारून आणली. गरिबी दोन्हीकडे आहे, फक्त एकाच बाजूची मोजू नका.

जुईली, तुमचं मात्र डोक्यातून जात नाही. सहा महिने झाले, आमच्या प्रकरणात अजून एकाही साक्षीदाराला बोलावलेलं नाही.

करवीरकर, दोषारोपपत्र काढून पाहिलं. १०९ आहे, समान इराद्याचं कलम आहे. ९५ कुठेच नाही. बावीसवाल्याच्या फोनवरून त्या दोघांना संध्याकाळी कॉल गेले होते, हे पंचनाम्याच्या कागदांत आहे. कलम आता वाढवता येतं का?

करवीरकर
येतं. आरोपात बदल करायचा अधिकार कोर्टाला निकालापर्यंत असतो. सरकारी वकिलांना लेखी द्या, कॉलचे कागद जोडा, पोच घ्या.

मुळाकाठ
सोमवारी जातो. वरच्या मतावर मी ठाम आहे, पण हे आधी करतो. भाऊ पण येतो म्हणालाय. सही उजव्या हाताने करता येते.