हळद पॉलिशच्या ड्रमची चेन एका हंगामात लांबते : स्प्रॉकेट मोठे करावे की दुहेरी चेन घ्यावी?

नमस्कार. वसमत तालुक्यात आमचा हळद पॉलिश करण्याचा ड्रम आहे. त्याची चेन दोन हंगामांत दोनदा बदलली आणि आता तीही मोठ्या स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाच्या) दातांवर चढू लागली आहे, म्हणून जाणकारांचा सल्ला हवा आहे.

मोटर 5 अश्वशक्तीची, मिनिटाला 1440 फेऱ्यांची असून पुढे फेऱ्या विसाव्या हिश्श्यावर आणणारा 1:20 चा गिअरबॉक्स आहे. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर 13 दातांचे आणि ड्रमच्या शाफ्टवर 39 दातांचे स्प्रॉकेट असल्याने ड्रम मिनिटाला 24 फेरे घेतो. चेन एकेरी, 1 इंच पिचची (दोन लगतच्या पिनांमधील अंतर 1 इंच, प्रकार 16 बी) आहे. दोन शाफ्टांमधील अंतर सुमारे 895 मिलिमीटर असून चेनमध्ये 97 कड्या बसतात. ही संख्या विषम असल्यामुळे जोडणीला हाफ लिंक (विषम संख्या जुळवणारी वाकड्या पट्ट्यांची एक कडी) घालावी लागली, आणि मागच्या वर्षी चेन तुटली ती नेमकी तिथेच.

काल चेन काढून ताणून मोजली. नव्या चेनच्या 20 कड्या 508 मिलिमीटर भरायला हव्यात, त्या 522 भरल्या, म्हणजे लांबी पावणेतीन टक्क्यांनी वाढली आहे. चेन लांबते म्हणजे पोलादी पट्ट्या ताणल्या जातात असे नव्हे, तर पिन आणि तिच्याभोवतीची नळी म्हणजे बुश एकमेकांवर घासून झिजतात, हे मला कळते. आमच्याकडे हळदीची भुकटी सतत उडते आणि चेनला आम्ही वरून ग्रीस लावत आलो. ते पिनपर्यंत पोहोचत तर नाहीच, उलट भुकटी धरून ठेवते. शिवाय दोन्ही वेळा चेन नवी घातली तरी स्प्रॉकेट जुनीच ठेवली, आणि लहान स्प्रॉकेटचे दात आता आकड्यासारखे वाकडे दिसतात. या दोन चुका आमच्याच आहेत आणि त्या सुधारणार आहोत.

खरी अडचण पुढची आहे. गिअरबॉक्समध्ये वाया जाणारी शक्ती सोडून हिशेब केला, तर पूर्ण भारावर 13 दातांवरच्या चेनला साधारण 940 किलोचा ताण येतो. त्याऐवजी 19 आणि 57 दातांची जोडी घेतली, तर फेऱ्या तेवढ्याच राहून ताण 650 किलोच्या आसपास येतो, गिअरबॉक्सच्या बेअरिंगवरचा भारही कमी होतो आणि दात मोजके असल्यामुळे चेनच्या वेगात येणारा हिसका सुमारे 3 टक्क्यांवरून दीड टक्क्याच्या आत येतो. मला हाच मार्ग पटतो. मात्र 57 दातांच्या स्प्रॉकेटचा व्यास दीड फुटाच्या वर जातो, त्यासाठी चेनचे झाकण आणि खालची चौकट कापावी लागेल. आमचे वर्कशॉपवाले म्हणतात की एवढा खटाटोप न करता आहे तेवढ्याच दातांवर दुहेरी (शेजारी शेजारी दोन रांगांची) चेन लावा. ड्रम भरलेला असतानाच सुरू करावा लागतो, त्यामुळे सुरुवातीचा धक्का मोठा असतो, हेही लक्षात घ्यावे.

अशा धक्क्याच्या भाराला 13 दातांवर दुहेरी चेन खरोखर टिकते का, की दात वाढवणेच योग्य? ठरावीक दातांवर ठरावीक कड्याच पुन्हा पुन्हा येऊ नयेत म्हणून 57 ऐवजी 56 दात घेतले, तर झीज सारखी होईल का? गिअरबॉक्सचा पाया सरकवून कड्यांची संख्या सम करता येईल, त्यामुळे हाफ लिंकचा प्रश्न सुटेल. पण तेलाचे काय करावे? ढिल्या बाजूच्या पट्ट्यांच्या फटींत ब्रशने पातळ तेल सोडायचे ठरवले, तरी ते हळदीवर उडून चालणार नाही. मसाल्याच्या किंवा धान्याच्या यंत्रांवर चेन सांभाळणाऱ्यांनी कोणते तेल, किती तासांनी आणि कसे देतात ते कृपया सांगावे. स्प्रॉकेट कापायला देण्यापूर्वी उत्तर मिळाले तर फार मदत होईल.