अपस्टेज : मात करणे की भाव खाणे?

'अपस्टेज' (upstage) या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ 'एखाद्यापेक्षा वरची पायरी गाठणे, मात करणे' असा सांगितला जातो, तो मला अर्धाच पटतो. यातल्या 'स्टेज'चा पायरीशी किंवा टप्प्याशी संबंध नाही, तो थेट रंगमंच आहे. युरोपातल्या जुन्या नाट्यगृहांत रंगमंच प्रेक्षकांच्या दिशेने उतरता बांधत, म्हणजे मागची बाजू खरोखरच उंच असे. म्हणून मागचा भाग 'अपस्टेज' आणि प्रेक्षकांजवळचा 'डाउनस्टेज'. सपाट रंगमंच आले तरी नावं टिकली. आता एखादा नट मुद्दाम मागे सरकून उभा राहिला, की त्याच्याशी बोलायला समोरच्या नटाला प्रेक्षकांकडे पाठ करावी लागते. सगळ्यांच्या नजरा मागच्यावर! क्रियापद आलं ते या लबाडीतून.

त्यामुळे 'आउटडू' किंवा 'सरपास' (एखाद्याला मागे टाकणे) यांच्यासारखी यात सरसपणाची अट नाही, फक्त लक्ष पळवायचं असतं. परीक्षेत कुणापेक्षा जास्त गुण मिळवले तर 'अपस्टेज' म्हणणं विचित्र वाटेल. पण भाषण चालू असताना मांजर व्यासपीठावर आलं, तर 'द कॅट अपस्टेज्ड द स्पीकर' अगदी चपखल (मांजराचा हेतू काहीही असो). कुणाला अपस्टेज केलं ते सांगावंच लागतं, कर्माशिवाय वाक्य लंगडं वाटतं. कर्मणी प्रयोगही खूप दिसतो. मराठीत मला 'भाव खाऊन जाणे' सर्वात जवळचं वाटतं, 'वरचढ ठरणे' नाही.