'घाम' : आधी ऊन की आधी पाणी?

सायसाखर : एका नेपाळी कथेचा अनुवाद करताना 'घाम ताप्दै' हे शब्द आले. म्हातारी अंगणात उन्हाला बसली आहे, कारण नेपाळीत घाम म्हणजे ऊन. मात्र मसुदा वाचणाऱ्या स्नेह्यांचे ठाम म्हणणे असे, की मूळ अर्थ अंगावरचे पाणी हाच असून नेपाळीत तो पुढे बदलला. हे खरे आहे का? आणि मराठीत उन्हाला कधी घाम म्हटले गेले आहे का?

जुनीपोथी : आपल्या स्नेह्यांनी क्रम उलटा लावला आहे. संस्कृत 'घर्म' म्हणजे उष्णता. वैदिक प्रवर्ग्य विधीत तापवलेल्या दुधालाही घर्मच म्हणत. प्राकृतात त्याचा 'घम्म' झाला, पुढे 'घाम'. फारसी 'गर्म' आणि ग्रीक 'थर्मोस' त्याच कुळातले असल्यामुळे चहाचा थर्मास हा आपल्या घामाचा दूरचा भाऊबंद ठरतो. नेपाळी आणि अवधीने ऊन राखले, गुजरातीत 'घाम' उकाड्यापाशी थांबला, तर मराठी, कोकणी आणि बंगालीत उष्णतेमुळे येणारे पाणीच त्या शब्दाचे धनी झाले.

अनघड : तसे असेल तर 'घर्मग्रंथी' आणि 'घर्मबिंदू' हे शब्द टाकून दिले पाहिजेत. 'स्वेद' हा नेमका शब्द असताना, आणि चरकसंहितेत स्वेदाचा स्वतंत्र अध्याय असताना, उष्णतेचा शब्द ग्रंथींना का चिकटवायचा?

जुनीपोथी : कारण अमरकोशातच घर्म, निदाघ आणि स्वेद एका ओळीत, एकाच अर्थाने दिले आहेत. संस्कृताने जे केव्हाच मान्य केले, त्याला मराठीत अशुद्ध ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

कृष्णाकाठ : मराठीने तर उष्णता पार सोडून दिली आहे. भीतीने दरदरून घाम फुटतो, तेव्हा ऊन कुठे असते? आमची आजी गार पाण्याने भरलेल्या तांब्याच्या अंगावर थेंब धरले, की 'तांब्याला घाम आला' असे म्हणे.

अनघड : तांब्या पाझरतो, असे म्हणायला हवे.

कृष्णाकाठ : मुळीच नाही. पाझरतो तो माठ, कारण त्याचे पाणी आतून झिरपते. तांब्यावरचे पाणी हवेतले असते. आजीने हे शास्त्र शिकले नव्हते, पण दोन्हींसाठी तिने एकच क्रियापद कधी वापरले नाही.

अनघड : घाम तरी हवेतून येतो का? तोही आतूनच येतो, म्हणजे आपल्याच न्यायाने घाम माठाला यायला हवा.