रस्ता रुंदीकरणाचा पर्यावरण अहवाल: माणसं आणि बजेट कसं बसवायचं?

प्रश्न: दोन पदरी रस्ता चार पदरी होणारे, त्याचा ईआयए (पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास) आमच्याकडे आहे. निम्मं बजेट संपलं, काम तिसरा हिस्साही नाही, त्यात इकॉलॉजीवाला (झाडं-प्राणी बघणारा) दुसऱ्या प्रोजेक्टवर गेला. अजून माणसं घेऊ का?

उत्तर १: आधी तास कुठे गेले ते बघ. टाइमशीट कामाप्रमाणे भरून घे, नुसत्या प्रोजेक्ट कोडवर काही कळत नाही. बहुतेक वेळा डिझाइनवाले अलाइनमेंट (रस्त्याची आखलेली रेषा) थोडी सरकवतात आणि मग झाडांची मोजणी, आवाजाचं मॉडेल, नकाशे सगळं परत, आणि हे जादा काम कोणी लिहून घेत नाही म्हणून पैसेही मागता येत नाहीत.

उत्तर २: शिवाय ट्रॅफिकचे आकडे फायनल होईपर्यंत हवा आणि आवाजवाल्यांना कामाला बसवू नका. दोघांचं मॉडेल त्याच आकड्यांवर चालतं, आकडे बदलले की त्यांचे तास पाण्यात.

प्रश्नकर्ता: अलाइनमेंट खरंच दोनदा बदललीये. इकॉलॉजीचं काय करू?

उत्तर १: मग व्हेरिएशन (जादा कामाच्या पैशांची मागणी) आजच टाक, शेवटी मागितलं की क्लायंट ऐकत नाही. इकॉलॉजिस्ट पूर्णवेळ नकोच, सर्व्हेच्या हंगामापुरता बाहेरून घे, पण बुकिंग आत्ता कर, हंगाम हुकला की थेट पुढच्या वर्षी. जीआयएसवाला (कॉम्प्युटरवर नकाशे करणारा) मात्र सोडू नकोस, त्याच्याशिवाय सगळे अडतात.

उत्तर ३: जनसुनावणीनंतरचे तास धरलेत का? हरकतींना एकेक उत्तर द्यायला सिनियर लोकच लागतात, तेही तेव्हा जेव्हा बजेट संपलेलं असतं 😅